शंभर टक्के निकालाच्या आत काय?

महोदय,

दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ राज्यात पहिले, ही बातमी आता दरवर्षीची झाली आहे. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के, तर कोकण मंडळाचा, म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गचा, ९८.८२. अभिमान वाटतोच. पण निकालानंतर आपल्या अंकात तालुक्यातल्या शाळांची जी यादी येते, तिच्याबद्दल लिहायचे आहे.

त्या यादीत 'शंभर टक्के' ही एकच ओळख. एका शाळेत निम्मी मुले विशेष प्रावीण्यात, दुसरीत बहुतेक जण पस्तीस ते पन्नासच्या मध्ये, तरी दोघींच्या गेटवर सारखाच फलक. उलट वाडीवस्तीवरच्या बारा मुलांच्या शाळेत एक मूल गणितात अडकले की निकाल ९१.६७! शहरातल्या दोनशे मुलांच्या शाळेत पाच नापास झाली तरी ९७.५. मग कमी पडली कोण?

२०१९ आठवा. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडून मिळणारे अंतर्गत गुण त्या वर्षी नव्हते. राज्य ७७.१० वर आले, कोकण ८८.३८ वर. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि आपण पुन्हा ९८.७७! मुले वर्षभरात एवढी हुशार झाली, असे मानायला मी तरी तयार नाही. लेखी पेपरात मुलांना किती येते, ते वेगळे मोजल्याशिवाय शाळाशाळांतला फरक दिसणार नाही.

आणि तो फरक मास्तरांच्या आळसाचा क्वचितच असतो. पट घटला की संच मान्यतेत, म्हणजे मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदे ठरतात तेव्हा, पद जाते, मग मराठीच्या बाईंनाच गणिताचे तास घ्यावे लागतात. जादा तास ठेवावेत, तर शेवटची एसटी चुकते. मुले कमी का, हे मुंबईला गेलेल्या घरांची कुलुपे सांगतील. नाक्यावरच्या शाळेला यातले काहीच सोसावे लागत नाही.

तेव्हा पुढच्या निकालाला प्रत्येक शाळेपुढे परीक्षेला बसलेली मुले, गणित, इंग्रजी व विज्ञानाच्या फक्त लेखी गुणांची सरासरी आणि वर्षभर रिकामी राहिलेली शिक्षकांची पदे छापावीत. लेखी गुण मंडळाकडे असतात, रिक्त पदे जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षण विभागाकडे. पालकांनी मागून ते मिळत नाहीत; आपल्या वार्ताहराने मागावेत.

– एक निवृत्त माध्यमिक शिक्षक, लांजा