स्कँडिनेव्हिया सहलीतल्या सिगटुना भेटीबद्दल लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
परदेश सहल विभाग

पुणे, २२ जुलै २०२५

विषय: १४ जून रोजी स्वीडनमधल्या सिगटुना या गावातल्या स्त्रियांच्या कपड्यांच्या दुकानाची दोन तासांची भेट एकोणीस मिनिटांत उरकल्याबद्दल.

महोदय,

काल सकाळी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं चौथ्यांदा बोलणं झालं. यापुढे मी फोन करणार नाही. जे आहे ते लेखी.

सहलीच्या चौथ्या दिवशी काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. कार्यक्रमपत्रिका तुम्हीच छापता. दुपारी दोन ते चार सिगटुना, त्यात ‘ऐच्छिक’ म्हणून एका लहान दुकानाची भेट. बाई स्वतः बेतते, स्वतः शिवते आणि तिथेच विकते. ती आपलं काम दाखवणार, आपण प्रश्न विचारायचे, सोबत कॉफी. माणशी २,४०० रुपये जादा. आम्ही सोळा जणींनी ते भरले आणि सोळा पावत्या तुमच्याच कार्यालयानं दिल्या. इतर कंपन्यांच्या सहली मीही पाहिल्या होत्या, काही स्वस्तही होत्या. तुमची घेतली ती या दोन तासांसाठी.

त्या दिवशी स्टॉकहोमहून जेवून आम्ही सव्वाबाराला निघालो. सिगटुना जेमतेम पन्नास किलोमीटर. वाटेत बस एका मोठ्या मॉलपाशी उभी राहिली. पत्रिकेत हा थांबा कुठेही नाही. ‘अर्धा तास’ म्हणून सांगितलं आणि निघालो दोन वाजून पन्नास मिनिटांनी. हा थांबा कुणी घातला आणि कशासाठी, याचं उत्तर चार फोनमध्ये मिळालेलं नाही. बस सिगटुनाला लागली तीन वीसला. दुकानात पाय ठेवला तीन पस्तीसला. शनिवार होता, दुकान चारला बंद होणार होतं. तीन चोपन्नला तुमच्या टूर मॅनेजरनं दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या, “चला चला लेडीज, बस!” एकोणीस मिनिटं. मी घड्याळ लावून बोलते आहे.

गाव बघायचं तर राहूनच गेलं. साधारण ९८० सालचं गाव, स्वीडनमधलं आजही नांदतं असं सर्वांत जुनं. स्वीडनची पहिली नाणी ९९५च्या सुमारास ओलोफ राजानं इथेच पाडली. मुख्य रस्ता, स्तूरा गातान, हजार वर्षं त्याच रेषेवर आहे. दोन्ही बाजूंना बुटकी लाकडी घरं, मध्ये १७४४ सालचं इवलंसं नगरभवन. हे सगळं मी जाण्याआधी वाचून गेले होते, कारण मला ते बघायचं होतं. त्या रस्त्यावरून तुम्ही आम्हाला पळवत नेलंत. पासष्टीच्या बायका दगडी फरशीवर धावत होत्या. वाटेत रुनलिपी, म्हणजे तिकडची जुनी लिपी, कोरलेली शिळा दिसली म्हणून एक जण थांबली, तर तिला “फोटो नंतर” म्हणून सांगितलं. नंतर कधीच आलं नाही.

आता दुकानाचं. आम्ही आत शिरलो तेव्हा टेबलावर सोळा कप पालथे घालून ठेवलेले होते. शेजारी ताटात दालचिनीचे पाव, वरून फडकं झाकलेलं. त्या बाई दोन वाजल्यापासून आमची वाट बघत होत्या. दोनची वेळ त्यांना तुम्हीच दिली होती. उशीर होतोय असा एक फोनही तुमच्या माणसानं त्यांना केला नाही. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि कप सुलटे करायला लागल्या. मला मान वर करता येईना. तुमच्या चुकीची शरम तिथे मला वाटली, तुमच्यापैकी कुणालाही वाटली नाही.

मी एकतीस वर्षं सदाशिव पेठेत शिवणकाम केलं. ब्लाउज, झबली, नऊवारीवरच्या चोळ्या, पुढे पंजाबी ड्रेस. गेल्या वर्षी दुकान बंद केलं आणि तीन मशिनं विकून आलेले पैसे या सहलीत घातले. त्या दुकानात खुंटीवर लिननचं एक जाकीट होतं. मी ते उलटं करून बघितलं, कारण काम आतून कळतं. कुठेही ओव्हरलॉकचा, म्हणजे मशिननं कड गुंडाळण्याचा, दोरा नाही. प्रत्येक कड उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या, पट्टीनं बांधलेली, काजं हातानं केलेली, टाके असे की एकाला दुसरा वरचढ नाही. आणि काखेत चौकोनी तुकडा बसवलेला! आपल्या जुन्या पैरणीच्या बगलेत असतो अगदी तसा. कापड वाया जाऊ नये म्हणून सरळ पट्ट्यांतच बेतायचं आणि हात वर उचलता यावा म्हणून काखेत चौकोन द्यायचा. माझ्या आजीनं मला हेच शिकवलं होतं. मी बोटानं तो चौकोन दाखवला तर त्या बाई हसल्या, म्हणाल्या, जुन्या काळच्या सदऱ्यांना असाच असायचा, मी तिथूनच घेतलाय. लगेच आत जाऊन त्यांनी कागदाची सुरळी आणली. टेबलावरचे कप बाजूला सारून त्या बेताचा कागद उलगडायला लागल्या. पाठीचा भाग दिसला. बाही यायची होती. तेवढ्यात टाळ्या.

तो कागद मी अर्धाच बघितला. पैसे भरले होते ते त्यासाठी.

जाकीट मी घेतलं, १,८९५ क्रोनरला. पर्यटकाला कर परत मिळतो हे तुमच्याच पत्रिकेत मोठ्या अक्षरांत आहे. स्वीडनमध्ये कपड्यांवर २५ टक्के कर, म्हणजे करासकट किमतीतला पाचवा हिस्सा. माझ्या पावतीत ३७९ क्रोनर. परताव्याचं काम करणारे त्यातून आपलं शुल्क कापतात, तरी उरतात ते माझे पैसे. दुकानदार बाईंनी अर्ज काढला आणि पासपोर्ट मागितला. पासपोर्ट कुठे होता? पहिल्या रात्री हॉटेलच्या नोंदणीसाठी म्हणून घेतलेले सगळ्यांचे पासपोर्ट चौथ्या दिवशीही टूर मॅनेजरच्या बॅगेत होते, बॅग बसमध्ये, बस कुलूपबंद. मी फोनमधला फोटो दाखवला, त्यांना मूळ पासपोर्ट हवा होता. त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्याचा पासपोर्ट चार दिवस स्वतःकडे ठेवून घेणं कुठल्या नियमात बसतं, ते मला लिहून कळवा.

आता कालचा फोन. सकाळी अकरा वीसला लावला, चौदा मिनिटं सनई ऐकली. मग एक मुलगा आला. तक्रार क्रमांक दिला, तारीख दिली, सगळं पहिल्यापासून सांगितलं. चौथ्यांदा.

तो म्हणाला, “मॅडम, तुमची व्हिजिट सिस्टीममध्ये कम्प्लीट दाखवतेय.”

मी विचारलं, “किती मिनिटं दाखवतेय?”

“मिनिटं नाही येत मॅडम. टिक येते.”

“पत्रिकेत दोन तास आहेत. मिळाली एकोणीस मिनिटं.”

“पण गेला होता ना तुम्ही दुकानात?”

“गेले होते.”

“खरेदी पण केली ना?”

“केली.”

“मग व्हिजिट झाली ना मॅडम.”

मी शांतपणे सांगितलं की ती भेट खरेदीसाठी नव्हती, काम बघण्यासाठी होती. त्यावर तो थोडा थांबला आणि मॅडमची काकू झाली. “काकू, राग मानू नका, एक सांगू? कपडे बघायला एवढ्या लांब कोण जातं? लक्ष्मी रोडला काय कमी आहे? आणि बायका दोन-दोन तास दुकानात बसल्या तर बाकीच्या ग्रुपनं करायचं काय?” त्याच्या मागे कुणीतरी हसलं. मला स्पष्ट ऐकू आलं.

मी म्हटलं, “अरे बाळा, मी एकतीस वर्षं शिवणकाम केलंय.”

तर म्हणतो, “मग तर तुम्हाला सगळं येतंच की. बघायचं काय राहिलं होतं?”

महोदय, त्या क्षणी मी फोन ठेवला. हात थरथरत होता. ज्याला काम येतं, त्यालाच दुसऱ्याचं काम बघायचं असतं. गवई दुसऱ्याचं गाणं ऐकायला जात नाही का? एकतीस वर्षं डोळे फोडून केलेल्या कामाला तो मुलगा ‘बायका दुकानात बसतात’ म्हणाला, आणि हे त्याला तुमच्या कंपनीत कुणीतरी शिकवलेलं आहे, कारण टूर मॅनेजरचीही भाषा हीच होती. बाकीचे पंधरा प्रवासी त्या वेळी तळ्याकाठी मजेत आइस्क्रीम खात होते. त्यांच्यापैकी एकाचीही तक्रार नव्हती.

तिसऱ्या फोनवर तुमच्या वरिष्ठांनी दुसरंच कारण दिलं होतं, ते इथेच खोडून काढते. म्हणे युरोपात बसचालकाच्या वेळेचे नियम कडक आहेत, म्हणून लवकर निघावं लागलं. नियम कडक आहेत हे खरं. युरोपीय संघाच्या ५६१/२००६ या नियमाप्रमाणे साडेचार तास गाडी चालवल्यावर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती सक्तीची आणि दिवसात साधारण नऊ तासच गाडी चालवायची. त्या दिवशी त्या चालकानं आमच्यासाठी तासभरही गाडी चालवलेली नव्हती. मॉलपाशी तर बस दोन तासांहून जास्त उभी होती. उशीर मॉलमुळे झाला. पत्रिकेत नसलेल्या मॉलमुळे. हे मी पाचव्यांदा लिहीत असेन, तरी लिहिते.

२०११पासून तुमच्याबरोबर ही माझी चौथी सहल. माझ्या दुकानात येणाऱ्या किती बायकांना मी तुमचं नाव सांगितलं, त्याची गणती नाही. आई गेली त्या वर्षी काशीच्या सहलीत तुमच्या माणसांनी मला ज्या मायेनं सांभाळलं, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच हे जास्त लागलं. तीच कंपनी आज टिक येते म्हणून सांगते.

माझी मागणी अशी. सोळाही जणींचे २,४०० रुपये परत करा, फक्त माझे नकोत. बुडालेल्या परताव्याची रक्कम मला द्या. सिगटुनाच्या त्या बाईंना तुमच्या सहीनं माफीचं पत्र पाठवा. त्यांचा शनिवारचा दिवस तुम्ही वाया घालवलात. आणि कालच्या संभाषणाचं ध्वनिमुद्रण स्वतः ऐका. ते तुमच्याकडे आहे, फोन लागताच तुमचं यंत्र तसं सांगतं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या कायद्यानं मला माझ्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क पडत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. वकील नसला तरी चालतो. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली ती याच पुण्यात. आमच्या पिढीला तक्रार लिहिता येते. पावत्या, पत्रिका, माझ्या फोनमधले वेळेसकट फोटो आणि सोळांपैकी अकरा जणींच्या सह्या माझ्याकडे तयार आहेत. उरलेल्या पाच जणी पुण्याबाहेर आहेत, त्यांच्या टपालानं येताहेत.

उत्तर पत्रानंच पाठवा. फोन करू नका.

सिगटुना भेटीचे पैसे भरलेली प्रवासी,
सदाशिव पेठ, पुणे

सोबत: पावतीची प्रत, कार्यक्रमपत्रिकेचं पान, जाकिटाची पावती, अकरा सह्यांचा कागद.