दुसरी लॉक पिन: वस्तादांना उघड आभारपत्र

वस्ताद,

नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकट्यालाही पाठवता आलं असतं. पण त्या दिवशी गाडीच्या मालकानं सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, तेव्हा तुम्ही बाजूला उभे राहून चिंधीनं हात पुसत होता आणि एक शब्दही बोलला नाहीत. श्रेय चारचौघांत चुकीच्या माणसाकडे गेलं, म्हणून चारचौघांतच तुमचं तुम्हाला परत करतो.

गाडीची तक्रार साधी होती. स्टिअरिंग जड, आणि वळण घेतल्यावर चाक आपणहून सरळ होत नव्हतं, दरवेळी ओढून आणावं लागत होतं. किंगपिन, म्हणजे पुढची चाकं ज्या उभ्या पिनांभोवती वळतात त्या, सुकलेत हे जॅकवर घेताच कळलं. मी डाव्या बाजूचं चाक, ड्रम, हब, ब्रेकचा सगळा संच उतरवला, टाय रॉड सोडवला, वरखालची झाकणं काढली, किंगपिनला जागेवर जखडणारी आडवी लॉक पिन ठोकून बाहेर काढली. इथवर सगळं सुरळीत झालं. त्यानंतर दोन दिवस ती किंगपिन केसभरही हलली नाही.

त्या दोन दिवसांत मी काय काय केलं ते तुम्ही आल्या आल्या ओळखलंत. मी सांगायच्या आधीच तुमचं बोट पिनच्या डोक्यावरून फिरलं. घण खाऊन खाऊन ते छत्रीसारखं पसरलं होतं, कडा बाहेर वळल्या होत्या. "ही आता वरच्या भोकातून खाली जाणारच नाही, तूच हिला टोपी घातलीस," असं म्हणालात. आवाज चढवला नाहीत. मग माझ्या हातातला घण घेऊन भिंतीला टेकवून ठेवलात आणि सांगितलंत की किंगपिनचा वरचा थर कडक केलेला असतो. कडक पोलादावर कडक पोलाद आपटलं की कपचा उडतो, तो कुठं जाईल हे कुणी सांगू शकत नाही. मी चष्मा घातला नव्हता. तो तुम्ही तुमच्या खिशातून काढून मला दिलात, आणि नंतर परत मागितला नाहीत.

गॅसची नळी मी आधीच पेटवायला घेतली होती. तिचा कॉक तुम्ही बंद केलात ते मी जन्मभर विसरणार नाही, कारण दहा मिनिटं उशीर झाला असता तर मी बीम, म्हणजे पुढची चाकं ज्याच्या टोकांना बसतात तो आडवा पोलादी भाग, तापवून मोकळा झालो असतो. पुढचा बीम घडवलेला असतो, त्यावर ठरवून उष्णतेची प्रक्रिया केलेली असते. तो लाल केला की त्याची ताकद त्या जागी मरते आणि बाहेरून काही दिसत नाही. गाडी रस्त्यावर जाते, भार घेते, आणि एक दिवस तिथंच दगा देते. शिवाय आत ग्रीस, वर मी ओतलेलं तेल, शेजारी ब्रेकचे रबरी पाइप. तुम्ही खडूनं जमिनीवर हिशेबही मांडून दाखवलात: ५० मिलिमीटरची पोलादी पिन १०० अंशांनी तापली तर जेमतेम ०.०६ मिलिमीटर फुगते, आणि तिच्याबरोबर भोवतालचा बीमही फुगतो. एवढ्यासाठी अख्खा बीम धोक्यात घालायचा नाही.

मग तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात. "लॉक पिन किती काढल्या?"

मी म्हणालो, एक.

"कुठून ठोकली?"

"पुढून. मागं निघाली."

तुम्ही काही न बोलता टॉर्च आणि तारेचा ब्रश घेतलात, गाडीला टेकू दिलेली घोडी नीट बसलीय का ते हलवून पाहिलंत, मागच्या चाकांचे ठोकळे पायानं दाबून पाहिलेत आणि बीमच्या मागच्या बाजूला आडवे झालात. मी शेजारी वाकलो. बीमच्या डोळ्याच्या, म्हणजे किंगपिन बसते त्या भोकाच्या, मागं बोटभर जाडीचा चिखल आणि ग्रीसचा खरपुडा, त्याखाली रंगाचे दोन थर. तुम्ही घाई केली नाहीत. ब्रश फिरवलात, फुंकर मारलीत, पुन्हा ब्रश. हळूहळू रंगाखालून एक बारीक गोल रेघ उमटली, नाण्याच्या कडेसारखी. दुसरी लॉक पिन. आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत तिचे आटे तुटले होते, त्यामुळं नट नव्हता, टोक बीमच्या पातळीत होतं आणि वरून रंग मारलेला. मी दोन दिवस किंगपिनवर घण घालत होतो आणि ही लॉक पिन आतून अडसर लावून बसली होती. घण कितीही मोठा घेतला असता तरी उपयोग नव्हता.

"दोन असल्या तर उलट्यासुलट्या बसवतात," एवढंच तुम्ही म्हणालात. पहिली पुढून मागं निघाली म्हणजे दुसरी मागून पुढं निघणार. तुमचा तो पितळी दांडा लावून चार ठोके, पाचव्याला ती पुढच्या बाजूनं पत्र्यावर पडली.

इथं मला वाटलं झालं. पण किंगपिन तरीही बसूनच होती, आणि त्याचं कारण तुम्ही समजावलंत तेव्हा मला पहिल्यांदा हा सगळा भाग डोळ्यांसमोर उलगडला. आपण निप्पलमधून ग्रीस मारतो ते वरच्या आणि खालच्या बुशला, म्हणजे पिन ज्यात घासते त्या नळ्यांना, जातं. मधला भाग, जो बीमच्या डोळ्यात बसतो, तिथं ग्रीस पोचतच नाही. पोचायची गरजही नसते, कारण तिथं पिन फिरत नाही. लॉक पिननं ती बीमला जखडलेली असते, फिरतो तो चाक धरणारा स्टब ॲक्सल. पण एकदा सील फाटून पाणी आत शिरलं की त्याच कोरड्या, न हलणाऱ्या जागी गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो फटीतच फुगतो आणि पाचर मारल्यासारखा बसतो. मी तेल ओतत होतो वरून, बुशच्या बाजूनं. ते जिथं हवं होतं तिथं जातच नव्हतं.

तुम्ही तेल लॉक पिनच्या रिकाम्या भोकांतून सोडलंत. ती भोकं नेमकी बीमच्या डोळ्याच्या मध्यात, गंजाच्या पोटात उघडतात. इतकी साधी गोष्ट. मी चार वर्षं हे काम करतो, माझ्या मनात ती आली नव्हती. दोन्ही भोकांतून तेल, थोड्या वेळानं हलके ठोके, पुन्हा तेल, आणि मग "आता सकाळी". तुम्ही मला घरी पाठवलंत. मालक घाई करत होता, त्यालाही तुम्हीच सांगितलंत की रात्रभर तेल काम करेल, माणसांनी जोर लावून उपयोग नाही.

सकाळी आधी ग्राइंडरनं पिनचं पसरलेलं डोकं घासून तुम्ही ते पुन्हा गोल केलंत. मग ५० टनी हायड्रॉलिक प्रेस लावला, तो साखळीनं वरून टांगला, आणि मला पिनच्या रेषेतून बाजूला उभं केलंत. पंप मी मारत होतो. काटा ३० टनांवर गेला आणि पिन गप्प. मी आणखी दाब द्यायला निघालो तर तुम्ही हात वर केलात. "दाब तसाच राहू दे." बीमच्या डोळ्याला एका बाजूनं मोठा घण टेकवून धरायला लावलात आणि दुसऱ्या बाजूनं तुम्ही हातोडीनं ठोके दिलेत. पिनवर नाही, बीमच्या डोळ्यावर. सहावा की सातवा ठोका असेल. धाडकन आवाज झाला, माझ्या तळपायांना हादरा जाणवला, आणि काटा एकदम शून्यावर. पिन अर्धा बोट सरकली होती. मधल्या भागावर तपकिरी गंजाचा पट्टा, वरखाली बुशच्या जागी झिजलेल्या चकचकीत खुणा. बाकीचं पंपावर सहज निघालं.

तेवढ्यात मालक आला. त्यानं विचारलं, इतकं का अडलं होतं? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मधे गंज धरला होता. पोरानं दोन दिवस जीव लावला." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दुसऱ्या लॉक पिनबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. त्या माणसाच्या दोन गाड्या तेव्हापासून माझ्याकडे येतात, आणि तो विश्वास तुमच्या त्या एका वाक्यावर उभा आहे हे मला माहीत आहे. त्यालाही मी परवा खरं काय ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि तुमचा नंबर मागितला. तुम्हाला विचारल्याशिवाय दिलेला नाही.

उजवी बाजू तुम्ही गेल्यावर मी एकट्यानं काढली. आधी ब्रश, मग दोन्ही लॉक पिना, मग भोकांतून तेल, मग सकाळ. २२ टनांना सुटली. बीमचे दोन्ही डोळे साफ करून मापले, नवीन बुश आतून रीम करून मापाला आणले, भार घेणारं थ्रस्ट बेअरिंग खालच्या बाजूला, वरचं अंतर शिमच्या पातळ चकत्यांनी जुळवलं, आणि निप्पलमधून नवं ग्रीस कडेनं बाहेर दिसेपर्यंत पंप मारला. ड्रायव्हरनं फेरी मारून सांगितलं, चाक आपोआप सरळ येतं.

वस्ताद, मनापासून आभार. तुमचा पितळी दांडा आणि चष्मा दोन्ही माझ्याकडे राहिलेत. दांडा पुसून ठेवलाय, या आठवड्यात आणून देतो. चष्मा, तुमची हरकत नसेल तर, माझ्याकडेच ठेवतो.

तुमचा,
डाव्या किंगपिनवाला