दत्ता, आधी कुणाचे पैसे द्यायचे?

लातूर
रविवार

प्रिय दत्ता,

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. फोनवर तू नुसतं "चाललंय बरं" म्हणतोस. पत्रात मात्र सगळं मोकळं लिहिलंस, हे फार चांगलं केलंस. वाळूजला ओव्हरटाइम बंद झाला, हातात येणारे 26,500 आता 19,000 वर आले, आणि हप्ते सगळे जुन्या पगाराच्या मापाचे. पतसंस्थेच्या काउंटरमागे बसून अशी अडलेली माणसं मी खूप पाहिलीत. कमाई घटली म्हणून घर लगेच बसत नाही गड्या. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत घाबरून जे व्यवहार होतात, ते घराला बसवतात. म्हणून हे लांबलचक लिहितोय. वहिनींना शेजारी बसवूनच वाच, त्यांच्यापासून यातलं काही लपवू नकोस.

तू लिहिलंस, मागच्या महिन्यात कार्डवाल्यांचे सारखे फोन आले म्हणून त्यांना आधी भरलं आणि घराचा हप्ता राहिला. हे उलटं झालं. जो जास्त ओरडतो त्याला आधी द्यायचं नसतं. ज्याचं राहिलं तर आपलं सगळ्यात जास्त मोडेल, त्याला आधी द्यायचं. कार्डामागं काही तारण नाही. घराच्या कर्जामागं तुझं घर आहे. तो हप्ता 90 दिवसांच्या वर थकला की खातं एनपीएत, म्हणजे बँकेच्या थकीत-बुडीत यादीत जातं, मग 60 दिवसांची नोटीस येते आणि त्यानंतर बँकेला घराचा ताबा मागता येतो. बँक सुरुवातीला एखादा मेसेज पाठवून गप्प बसते, म्हणून आपल्याला ती सवड वाटते. तेव्हा आधी किराणा, लाइट, अण्णांची औषधं आणि घराचा हप्ता. मग वहिनींच्या गटाचा हप्ता, गाडीचा हप्ता. उरलं त्यात कार्ड. वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेनं मनाई केली आहे. रात्री फोन आला तर वेळ लिहून ठेव आणि बँकेत लेखी तक्रार दे.

कार्डाचं गणित तुला मांडून दाखवतो, कारण "मिनिमम भरतोय ना" असं तू लिहिलंस तिथं मला खरी काळजी वाटली. 60,000 थकलेत, महिन्याला साडेतीन टक्के धर. व्याज 2,100, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी 378. तू 3,000 भरलेस तर मुद्दलातून गेले 522 रुपये. आणि बाकी थकलेली असताना त्याच कार्डावर किराणा घेतलास, तर त्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, बिनव्याजाची मुदत मिळत नाही. म्हणून कार्ड आजपासून खिशातून काढून कपाटात ठेव. वहिनींचा गंठण बँकेत ठेवून कार्ड पूर्ण मिटवणार आणि बंद करणार असशील, तरच मी हो म्हणेन. सोनेतारणाचं व्याज कार्डापेक्षा पुष्कळ कमी असतं. पण सोनं ठेवून नुसतं मिनिमम भरणार असशील तर गंठणाला हात लावू नकोस. आणि हा निर्णय वहिनींचा, तुझा नव्हे.

हप्त्याची तारीख यायच्या आधी बँकेत जा. पगार कमी झाल्याची स्लिप जोडून अर्ज दे, मुदत वाढवून हप्ता कमी करून माग, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घे. तोंडी बोलणं साहेबांच्या बदलीबरोबर जातं. खात्यात पैसे नसताना हप्ता आपोआप कापायला येऊ दिलास तर दोन्हीकडून दंड लागतो, आणि असा हप्ता परत जाणं कायद्यात चेक न वटण्यासारखंच धरलेलं आहे. लाइट बिलाचंही तेच. तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्या दिवसांत कार्यालयात जाऊन बिलाचे हप्ते पाडून माग. लाजू नकोस. बिल बुडवायला नाही, फेडायलाच चाललायस तू.

मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप घेऊच नकोस. पाच हजार सांगून साडेतीन हातात ठेवायचे, आठवड्यात पाच मागायचे, आणि नाही दिले की फोनमधल्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांना मेसेज धाडायचे, असे प्रकार आपल्या भागातल्या पोरांबरोबर झालेत. कर्जाच्या ॲपला तुझे कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायचा अधिकारच नाही. कुणी आधीच अडकलं असेल तर 1930 वर तक्रार करायला सांग.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या ओळीनं मला झोप लागली नाही, ती. गावातला एकजण दोन लाख द्यायला तयार आहे, शेकडा पाचनं, आणि बदल्यात अण्णांच्या दोन एकरांचं "नुसतं नावाला" खरेदीखत. दत्ता, हे करू नकोस. हात जोडून सांगतो. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला 60 टक्के. दोन लाखांवर नुसतं व्याज 1,20,000. आणि रजिस्ट्री ऑफिसात झालेलं खरेदीखत नावाला नसतं. कागदावर ती विक्रीच असते, तलाठ्याकडं फेरफाराची नोंद झाली की सातबाऱ्यावर त्याचं नाव चढतं. तोंडी ठरलेलं "पैसे दिले की उलटून देतो" तिथं कुठंच लिहिलेलं नसतं. केजपासून निलंग्यापर्यंत अशा जमिनी गेलेल्या मला माहीत आहेत.

महाराष्ट्रात 2014 चा सावकारी कायदा आहे. परवाना नसताना व्याजानं पैसे देणं हा गुन्हा आहे. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला 9 आणि बिनतारणी 12 टक्क्यांवर घेता येत नाही, चक्रवाढ तर नाहीच. सावकारीतून बळकावलेली जमीन परत मिळवायला सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो. व्यवहार 15 वर्षांच्या आतला असला तर त्याची चौकशी होते. तुझ्या थोरल्या चुलत्यांचं जे झालं ते या मुदतीत बसत असेल, त्यांना जरूर सांग. पण ती वाट लांब आहे, साक्षीपुराव्यांची आहे. त्या वाटेला जायची पाळी तू अण्णांवर आणू नयेस एवढंच माझं म्हणणं.

अण्णांच्या सोसायटीच्या कर्जालाही हात लावू नकोस. खरिपाचं पीककर्ज 31 मार्चच्या आत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज सवलतीत निघून जातं. एवढं स्वस्त कर्ज तुला-मला दुसरीकडं कुठंच मिळणार नाही. नवं-जुनं करताना, म्हणजे जुनं भरून लगेच नवं उचलताना, हातात आलेली रक्कम कार्डात घातलीस, तर जूनमध्ये सोयाबीनच्या बियाण्याला अण्णा पुन्हा त्याच माणसाच्या दारात उभे राहतील. माफी येईल म्हणून थकवायचा सल्ला तुला पारावर मिळेल. 2017 आणि 2019 च्या माफीत जे अटीत बसले त्यांचं भागलं, जे नाही बसले ते थकबाकीदार राहिले आणि नवं कर्जही बंद झालं. त्या भरवशावर घर चालवू नये.

पीएफ काढू नकोस. तुझी आठ वर्षं झालीत, दहा भरली की पेन्शनचा हक्क लागतो. बँकेतून वर्षाला कापले जाणारे 436 आणि 20 रुपयांचे विमेही चालू ठेव. तुला काही झालं तर वहिनींच्या हातात तेवढं तरी येईल. दवाखान्याचा मोठा खर्च आला तर आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय शोध, उसनवारी नंतर.

राहिलं भाचीचं लग्न. मामानं भांडी आणि अंगठी द्यायचीच, असं तू लिहिलंस. अरे, ताईला आज फोन कर आणि खरं सांग. पोशाख आणि पाचशे एक देईन, बाकी पुढच्या वर्षी, असं म्हण. ताई रागावणार नाही. तुझ्या डोक्यावर हप्ता चढलेला कळला तर उलट तिलाच वाईट वाटेल. मांडवात चार दिवस राबायला तू येशील, हे तिच्यासाठी अंगठीपेक्षा कमी नाही.

आमच्याकडं या साली ज्वारी बरी झाली. दोन पोती आणि दहा किलो तूर डाळ गुरुवारच्या टेम्पोनं पाठवतोय. उधार नाही, घरचं आहे, त्याचा हिशेब ठेवू नकोस. तू मात्र सगळ्या कर्जांचा कागद करून पाठव: कुणाचं किती, व्याज काय, तारीख कोणती, तारण काय. वहिनींच्या माहितीतलं गटाचं कर्जही त्यात लिही. कागद हातात आला की पुढच्या रविवारी मी तिकडं येतो. सोमवारी रजा टाकून आपण दोघं बँकेत जाऊ. तोवर त्या दोन लाखवाल्या माणसाला "विचार करतोय" असंही म्हणू नकोस. सरळ नाही सांग.

अण्णांना आणि वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
बालाजी