नाल्यावरच्या कॅमेऱ्यातली वाघीण आधी गावाला कळू द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात पहिल्याच पानावर ट्रॅप कॅमेऱ्यात, म्हणजे जंगलात झाडाला बांधलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, आलेल्या वाघिणीचा फोटो छापून आला, मागं दोन पिल्लं, रात्रीचा काळा-पांढरा फोटो, डोळे चमकत असलेले. आमच्या गावातल्या पानठेल्यावर तो पेपर दिवसभर हातोहात फिरला. फोटो चांगलाच होता, पण माझ्या मायनं तो पाहिला आणि एकच विचारलं, "हे आपल्या नाल्यावरचीच त नाही ना बाबू?" याचं उत्तर गावात कोणापाशीच नव्हतं. सरपंचाला माहीत नाही, पोलीस पाटलाला माहीत नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसलो, मोठं झालं तर सांभाळून घ्या, पण काटछाट करताना मागणी तेवढी ठेवा.

मी सिंदेवाही तालुक्यातला. धानाच्या चार बांद्या आहेत, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. दोन उन्हाळे मी रोजंदारीवर ट्रॅप कॅमेरे लावायला गेलो होतो, म्हणून हे काम कसं चालतं ते जवळून पाहिलेलं आहे. जंगलाचे नकाशावर दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडलेले असतात, प्रत्येक चौकोनात कॅमेऱ्यांची एक जोडी. वाटेच्या दोन्ही बाजूला झाडाला, माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर पण थोडे तिरके, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो खराब करतो. जोडी यासाठी की वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे वेगळे आणि उजव्या कुशीचे वेगळे, एकाच बाजूचा फोटो आला तर एक वाघ दोनदा मोजला जाऊ शकतो. समोरचं गवत कापावं लागतं, कारण ऊन लागून तापलेलं पातं वाऱ्यानं हललं तरी कॅमेऱ्याला वाटतं कोणी आलं आणि मग कार्डात हजारभर फोटो नुसते गवताचे. सगळं बांधून झालं की कोणीतरी एकानं हातापायावर रांगत कॅमेऱ्यासमोरून जायचं, वाघाच्या उंचीनं, आणि लाल लाईट लुकलुकला का ते दुसऱ्यानं पाहायचं. हे रांगायचं काम बहुतेक माझ्याकडेच असायचं, गुडघ्याला कुसळं टोचलेली अजून आठवतात. मग पाटीवर ठिकाणाचा नंबर आणि तारीख लिहून ती कॅमेऱ्यासमोर धरायची, तो पहिला फोटो. सेल बदलल्यावर तारीख परत लावायला विसरलं की पुढचे सगळे फोटो चुकीच्या तारखेचे येतात, हे पण झालेलं पाहिलं आहे.

हा कॅमेरा गरमी ओळखतो. जनावराचं अंग आणि मागची जमीन यातला फरक त्याला कळतो, फरकच नसला तर तो गप्प. आमच्याकडं मे महिन्यात पारा 46-47 वर जातो, जमीन नुसती तापलेली असते, अशा भर दुपारी समोरून जनावर गेलं तरी कॅमेरा चुकू शकतो. फोटो नाही म्हणजे वाघ नाही, असं म्हणूनच कोणी धरून चालू नये.

माझे बाबा वनमजूर होते, त्यांच्या काळी वाघ ठशावरून मोजायचे. काच ठशावर ठेवायची, वरून पेननं गिरवायचं, नाहीतर प्लास्टर ओतून साचा काढायचा. बाबांना नर-मादीचा ठसा लांबून कळायचा हे खरंच आहे, पण नुसत्या ठशावर देशाचा हिशोब चालला आणि 2004-05 मध्ये राजस्थानच्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नाही हे बाहेर आलं. त्यानंतर ठशाची मोजणी मागं पडली आणि कॅमेरे आले. पट्ट्यावरून वाघ ओळखून मोजायची पद्धत वन्यजीव शास्त्रज्ञ डॉ. उल्लास कारंथ यांनी कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात 1990 च्या दशकातच करून दाखवली होती. 2022 च्या देशभरच्या मोजणीत 32,588 ठिकाणी कॅमेरे लागले, 4 कोटी 70 लाखांच्या वर फोटो आले, त्यातले वाघाचे 97,399. म्हणजे हजार फोटोंमागं वाघाचे दोनच. वेगवेगळे ओळखू आलेले वाघ 3,080, आणि आपल्या महाराष्ट्राचा आकडा 2018 च्या 312 वरून 444 वर गेला. या वाघांमधले बरेचसे आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात आहेत, आणि नुसते ताडोब्याच्या आत नाहीत. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, नागभीड इकडच्या जंगलात, धानाच्या बांध्यांना आणि गावाच्या बोडीला, म्हणजे तळ्याला, लागून आहेत.

मला कॅमेऱ्याची तक्रार करायची नाही आहे. उलट मी म्हणतो की याच्याएवढा खरा साक्षीदार जंगलात दुसरा नाही. तक्रार ही आहे की तो जे पाहतो ते वर जातं आणि गावात परत येत नाही.

झालं असं. मी कॅमेऱ्याच्या कामाला जायचो त्यातल्या दुसऱ्या वर्षी मार्चच्या शेवटी, मोहफुलाचा भर होता. आमच्या शेजारची काकू रोजच्यासारखी पहाटे साडेचारच्या सुमाराला टोपलं घेऊन नाल्यापलीकडच्या मोहाकडं गेली. मोहफूल पहाटेच वेचावं लागतं हे इकडच्यांना सांगायची गरज नाही, उन्हं वर आली की फूल वाळायला लागतं आणि उशीर केला तर चितळं, अस्वल आधी खाऊन जातात. काकू वाकून वेचत होती आणि बाजूच्या बांबूतून गुरगुर ऐकू आली. काकूचं डोकं शाबूत राहिलं म्हणून वाचली. पळाली नाही, पाठ दाखवली नाही, टोपलं तिथंच ठेवून मागं मागं सरकत पांदणीपर्यंत आली आणि तिथं मटकन बसली. दोन दिवस तिला ताप होता. "मले त वास पयलेच आला होता बाप्पा, पण वाटलं कुठं ढोर मेलं असंल," एवढंच सांगायची.

आठ दिवसांनी त्या नाल्यावरच्या जोडीचं कार्ड बदलायला मीच गेलो. ऑफिसात कॉम्प्युटरवर कार्ड लावलं, मी मागं उभा. पहाटे 4 वाजून 12 मिनिटं, वाघीण. 4 वाजून 13, दोन पिल्लं, मांजराएवढी नव्हे, चांगली कुत्र्याएवढी झालेली. आणि मग 4 वाजून 41 मिनिटांनी त्याच जागी, त्याच वाटेवर, डोक्यावर टोपलं घेतलेली काकू. मधे अर्धा तास सुद्धा नाही. त्याच्या आधीच्या पाच रात्रींचे फोटो पाहिले तर पाचही रात्री वाघीण तीन ते पाचच्या मधे तिथूनच गेलेली. हे सगळं झाडाला बांधलेल्या त्या डब्यात पडून होतं आणि खालून आमच्या बाया जात होत्या.

मी तिथल्या तिथं म्हटलं की गावात सांगून द्या. उत्तर मिळालं, हा डाटा बाहेर द्यायचा नसतो, शिकाऱ्यांच्या हाती लागतो. कोणत्या ऑफिसात कोण बोललं ते मी लिहीत नाही, माणसं बदलतात आणि त्या माणसाची भीती पण खोटी नव्हती. वाघ मारणारे आहेत, आमच्या भागात सापळे सापडलेले आहेत. पण गावाला कॅमेऱ्याचा नंबर नको आहे, नकाशा नको आहे, फोटो पण नको. एवढंच लिहा की अमुक नाल्याच्या बाजूला पिल्लांची वाघीण आहे, तीन ते सहा वाजेपर्यंत तिकडं कोणी जाऊ नका, उजाडल्यावर पाच-सहा जणी मिळून जा. नाला तर आम्हाला रोजचाच आहे, शिकाऱ्याला यातून नवीन काय कळणार?

कोणी म्हणेल, कार्ड आठ दिवसांनी काढता, तोवर वाघ कुठल्या कुठं गेला. एकटा फिरता नर जाईल पण. पिल्लांची वाघीण पाणी आणि शिकार असेल तिथला तुकडा धरून राहते, पिल्लं दीड-दोन वर्षं तिच्यासोबत असतात. आठ दिवसांपूर्वीचा फोटो तिच्या बाबतीत शिळा होत नाही. ताडोब्याच्या बफरमधल्या, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, काही गावांजवळ आता एआयवाले कॅमेरे लागलेत, वाघ दिसला की लगेच मोबाईलवर निरोप येतो, चांगलं आहे, सगळीकडं लागो. पण आमच्या नाल्यावर फोनला रेंजच नाही, त्याची वाट पाहत बसलो तर मोहफुलाचे अजून किती हंगाम जातील कोणास ठाऊक. मार्च ते मे एवढे तीन महिने कार्ड चार-चार दिवसांनी काढा आणि फळ्यावर दोन ओळी लिहा, याला नवीन मशीन लागत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ही लिहायला मला जड जातं. काकूचा तो फोटो कॉम्प्युटरवरच राहिला. पुढच्या वेळी गेलो तर तिथंच कोणीतरी तो मोबाईलमध्ये काढून घेतलेला दुसऱ्याला दाखवत होता, बघ म्हातारी कशी वाचली. वाईट हेतू नसेलही, पण ती माझी काकू आहे, तिला न विचारता काढलेला फोटो आहे. आणि त्या वाटेनं बाया फक्त मोहफुलाला जात नाहीत. घरोघरी संडास झाले पण उन्हाळ्यात हापशीला पाणी नसतं, पहाटे अंधारात बाया कुठं जातात हे सगळ्यांना माहीत आहे. त्या वाटेवर कॅमेरा आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

उत्तराखंडात कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूच्या गावांत केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी याच गोष्टीचा अभ्यास केला, तो 2024 मध्ये छापून आला. कॅमेरे लागल्यापासून तिथल्या बाया जंगलात मोकळेपणी बोलेनाशा झाल्या, गाणी म्हणेनाशा झाल्या, आणि त्यामुळं वाघ-हत्ती एकदम समोर यायचा धोका वाढला. हे वाचलं आणि मला लगेच पटलं, कारण आमच्याकडं पण बाया मोठ्यानं बोलत, एकमेकींना हाका मारत जातात ते जनावराला आधी कळावं म्हणूनच. कॅमेऱ्यामुळं बाई गप्प झाली तर धोका तिलाच. म्हणून माणसांचे फोटो कार्ड काढल्याच्या दिवशीच पुसून टाका, गावातल्या एखाद्या बाईला समोर बसवून पुसा, आणि कॅमेरा लावायच्या आधी बचत गटाच्या बैठकीत सांगा की या वाटेवर लागणार आहे. वाट बदलून दुसरीकडं लावता येत असेल तर तसं करा.

कॅमेरे फुटतात, चोरीला जातात, मग गावावर ठपका येतो. चोरीचं समर्थन मी करणार नाही, पण लोक काहून फोडतात ते पण पाहा. सरपणाची मोळी घेऊन जाताना फोटो निघाला, आता दंड होईल, ही भीती असते. ज्या डब्यातून फक्त दंडाची भीती येते त्याची राखण कोण करेल? त्याच डब्यामुळं काकूचा जीव वाचतो हे एकदा दिसलं की पोरं स्वतः लक्ष ठेवतील, मी स्वतः ठेवीन.

आणि गावाला विचारून कॅमेरे लावले तर काय होतं याचं उदाहरण व्हिएतनामचं आहे. तिथं पिसोरीच्या जातीतलं एक हरीण, पाठीवर चंदेरी झाक असलेलं, 1990 नंतर शास्त्रज्ञांना दिसलंच नव्हतं. संशोधकांनी आधी गावकऱ्यांना आणि वनरक्षकांना विचारलं, ते म्हणाले आम्ही पाहतो की, त्यांनी सांगितलेल्या भागात सुरुवातीला तीनच कॅमेरे लावले आणि हरीण सापडलं, 2019 मध्ये जगभर बातमी झाली. आमच्या काकूला नाल्यावरची प्रत्येक वाट माहीत आहे. कॅमेरा कुठं लावायचा हे तिला आजवर कोणी विचारलेलं नाही.

तुमच्याकडं पण एक विनंती आहे साहेब. पिल्लांच्या वाघिणीचा फोटो छापता तेव्हा खाली जागेचं नाव देऊ नका. नाव आलं की दुसऱ्या दिवशी गाड्या लागतात, पोरं मोबाईल घेऊन नाल्यात उतरतात, आणि चिडलेली वाघीण मग भेटते ती मोहफूल वेचणारीला.

मोहाला कुचे धरलेत, पंधरा-वीस दिवसांत फूल गळायला लागेल, त्यानंतर तेंदूपत्ता. ग्रामपंचायतीचा फळा मी या आठवड्यात काळा रंग देऊन साफ केला आहे, वरच्या बाजूला "आजची जंगलाची खबर" असं लिहून ठेवलं आहे, खाली जागा मोकळी आहे. बारावी झालेल्या दोन पोरी रोज संध्याकाळी लिहायला तयार आहेत आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कोतवाल दवंडी देईल, त्याच्याशी बोलणं झालं आहे. संबंधित साहेबांनी नाल्यावरच्या जोडीचं कार्ड या सोमवारी काढून काय दिसलं तेवढं सांगावं, मी स्वतः येऊन लिहून घेऊन जाईन.

आपला नियमित वाचक,
एक मोहफूल वेचणारा शेतकरी,
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर