वरचा डेक आणि बोटीचा तोल

गेल्या रविवारी आईला घेऊन गेटवेहून घारापुरीला गेलो. वरच्या डेकचे जादा पैसे घेऊन माणसे चढवणे चालूच होते. बेट दिसताच सगळे फोटोसाठी एका बाजूला धावले आणि बोट अशी कलली, की आईने कठडा दोन्ही हातांनी धरला.

बोटीचा तोल तपासता येतो. ठरावीक वजने डेकवर आडवी सरकवायची, टांगलेला लंबक किती ढळतो ते मोजायचे, त्यावरून गुरुत्वमध्य, म्हणजे बोटीचे सगळे वजन जिथे एकवटल्यासारखे असते तो बिंदू, काढायचा. पण नंतर वर छप्पर, बाकडी चढवली, की तो बिंदू वर सरकतो, बोट लवकर कलते आणि जुना हिशेब चुकतो. १८ डिसेंबर २०२४ला घारापुरीला जाणारी ‘नीलकमल’ बोट बुडाली, ती दुर्घटना नौदलाच्या स्पीडबोटीच्या टक्करीमुळे झाली, हे खरे. म्हणून तोलाकडे दुर्लक्ष का? अशा प्रत्येक फेरबदलानंतर चाचणी पुन्हा घ्या आणि वरच्या डेकची प्रवासीमर्यादा जिन्यापाशीच ठळक मराठीत लिहा.

– एक प्रवासी, लालबाग, मुंबई