जीप मुक्ताला द्यायची नाही

शहादा, जि. नंदुरबार
श्रावण शुद्ध पंचमी

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

माझी साखर गोळ्यांच्या धाकात आहे, सुमतीचे गुडघे पावसाळ्यात कुरकुरतात तसे कुरकुरत आहेत, बाकी घरी सर्व क्षेम. आपल्या लेकीची, मुक्ताची, धडगाव तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी म्हणून नेमणूक झाल्याचे सुमतीने तुला कळवलेच आहे. मात्र रुजू होण्याआधी तिने माझ्याकडे काय मागितले, ते तुला कोणी सांगितलेले नसणार, आणि सांगितले तरी त्यातली गंमत आणि धास्ती या दोन्ही गोष्टी तुझ्याखेरीज कोणाला कळायच्या नाहीत. तिने जीपची किल्ली मागितली. गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी असलेली आपली एमएम 540, जिच्या पुढच्या सीटखाली तुझा तो गंजलेला पाना अजून पडलेला आहे.

मी म्हणालो की त्या गाडीला सीटबेल्टसुद्धा नाहीत. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला आणि वसंतकाकांना कुठे होते? तरी तुम्ही तोरणमाळला रात्री चढलात ना?" वसंता, तोरणमाळच्या त्या रात्रीची हकीकत आपण दोघांनी या पोरीला तिच्या लहानपणापासून इतक्या रंगवून सांगितली आहे, आणि दर वेळी तिच्यातला पाऊस इतका वाढवला आहे, की आता माझ्याजवळ उत्तर उरलेले नाही. गोविंदा मेस्त्रीने तेव्हा काय काय बांधून गाडी खाली आणली होती, हे आपण तिला कधीच सांगितले नाही.

मी जीप देणार नाही. तिचा डॅशबोर्ड उघड्या पत्र्याचा आहे, चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ओल्या उतारावर ती आजही डावीकडे ओढते. दर पाच वर्षांनी तिची पुनर्नोंदणी मी केवळ मायेपोटी करून घेतो. तिचे ते फ्रेंच घराण्यातले प्यूजो डिझेल इंजिन अजून पहिल्या हाकेला उठते, ही गोष्ट वेगळी. पोरीला गाडी लागणार हे मात्र खरे आहे, कारण केंद्राची रुग्णवाहिका बाहेर गेलेली असताना पाड्यावरून माणसे आजारी बाईला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात आणि तिथे वाट पाहत बसतात. अशा वेळी मुक्ता स्वस्थ बसणार नाही, हे तू जाणतोस. म्हणून सध्या ओळखीपाळखीच्या लोकांकडून गाड्या मागून घेऊन मी त्या गोमाईच्या काठच्या पांदणीत आणि चांदसैली घाटात चालवून पाहत आहे. या वयात लोकांच्या नव्या गाड्या चिखलात घालणारा म्हातारा म्हणून माझी तालुक्यात बऱ्यापैकी ख्याती झाली आहे.

सर्वांत आधी मी फोर्सची गुरखा चालवली, कारण पिथमपूरहून येणारी ती गाडी आपल्या दोघांच्या जुन्या मापाने पाहिली तर सर्वांत वरची ठरते. पुढच्या आणि मागच्या दोन्ही धुऱ्यांचे डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ओढ वाटणारी दंतचक्रे, चालकाने स्वतः लॉक करायचे, हवा खेचणारे नळकांडे कारखान्यातूनच टपापर्यंत चढवलेले, आणि 700 मिलिमीटर पाण्यातून जाण्याची कंपनीची ग्वाही. पांदणीत एक पुढचे आणि एक मागचे चाक तिरप्या रेषेत अधांतरी झाले, तेव्हा मी दोन्ही लॉक टाकले आणि ती एकही चाक जागेवर न भिरभिरवता बाहेर आली. एरवी साध्या डिफरन्शियलमध्ये इंजिनाची सगळी ओढ ज्या चाकाला जमीनच नाही त्याच्याकडे पळते आणि ते चाक हवेत भिरभिरत राहते, हे तुला मी सांगायला नको. अनेरच्या पात्रात आपण ते पुरेसा वेळ पाहत बसलो होतो. गुरखाची आणखी एक जमेची बाजू शहरातल्या परीक्षकांना सुचणार नाही. तिचे 2.6 लिटरचे डिझेल इंजिन मर्सिडीजच्या वंशावळीतले असून, त्याच कुळातले इंजिन आपल्याकडे माणसे कोंबून नेणाऱ्या क्रुझरमध्येही असते, त्यामुळे धडगावचा कोणताही मेस्त्री ते डोळे मिटून उघडू शकतो. या सातपुड्यात गाडीचा भरवसा म्हणजे ती बंद पडत नाही एवढेच नव्हे. बंद पडली तर ती कोणाला उघडता येते, हेही त्यातच आले.

परंतु गुरखात एअरबॅग पुढच्या दोघांपुरत्याच आहेत. क्लच आणि स्टिअरिंगशी झटून घाटातून उतरल्यावर माझे खांदे भरून आले होते. आपण पंचविशीत असताना ही गाडी असती तर आपण तिची पूजा बांधली असती. मुक्ताला ती देण्यास मात्र माझे मन घेत नाही.

तीन दारांच्या थारविषयी थोडक्यात लिहितो, कारण ती दारापाशीच बाद झाली. गाडी उत्तम आहे, नाशिकला बनते म्हणून घरची आहे, आणि 2020 साली ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला प्रौढ आणि मुले या दोन्ही बाबतींत चार तारे मिळाले, तेव्हा मीच तुला फोन करून छाती फुगवली होती. पण मागच्या सीटवर जायचे तर पुढची सीट दुमडून फटीतून वर चढावे लागते. मी सुमतीला तसे चढून पाहायला सांगितले. तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की नऊ महिन्यांच्या बाईला तिथे कसे चढवणार, हा प्रश्न मला पुढे विचारावाच लागला नाही.

आता जिम्नीविषयी. इथे तू खुर्चीत सरसावून बसला असशील, कारण ती तुझ्या जिप्सीचीच वंशज आहे, आणि जिप्सीविरुद्ध एक अक्षर काढले की तुझा तोल सुटतो. तेव्हा तुझे म्हणणे मीच मांडतो. पाच दारांची जिम्नी 2023 च्या जूनमध्ये आली. वजन सुमारे 1,200 किलो, रुंदी 1,645 मिलिमीटर, शिडीची चौकट, पुढे-मागे अखंड धुरे, आणि लो गिअरचा वेगळा दांडा. आपल्या काळ्या मातीत वजन हाच पहिला शत्रू आहे. टायरच्या खाचा पहिल्या दहा पावलांत गाऱ्याने भरून चाक गुळगुळीत होते, आणि मग जड गाडी जितका जोर करते तितकी खाली बसते. ज्या ठिकाणी थार पोटावर टेकली, तिथून जिम्नी नुसती टायरची हवा थोडी कमी केल्यावर निघून गेली. चाक भिरभिरले की गाडी स्वतःच त्या चाकाला ब्रेक लावून ओढ दुसऱ्या बाजूला देते. ही युक्ती खऱ्या लॉकइतकी ठाम नाही, कारण चाक आधी घसरल्याशिवाय तिला जाग येत नाही, तरीही आमच्या पांदणीपुरती ती पुरली. पुढची चाके चारचाकी ओढीला जोडणारे हब हाताने फिरवायला चिखलात उतरावे लागत नाही, हे पाहून मला तुझी पांढरी पँट आठवली. शिवाय तिचे 1.5 लिटरचे पेट्रोल इंजिन आधीच्या अर्टिगातही बसवलेले असल्यामुळे त्याचे सुटे भाग शहाद्यात सहज मिळतात, आणि डिझेलच्या धुरातली काजळी गाळणाऱ्या जाळीची कटकट तिला नाही.

ही जाळी हा नव्या डिझेल गाड्यांचा नाजूक भाग आहे. धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 नियम आल्यापासून ती प्रत्येक डिझेल गाडीत असते, आणि तिच्यात साठलेली काजळी जाळून टाकायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग वेगाने पळवावी लागते. नुसत्या पाड्या-पाड्यांवरच्या रांगत्या फेऱ्यांत ती तुंबते आणि दिवा पेटतो. मुक्ताचे मत जिम्नीकडे झुकले, त्याचे निम्मे कारण ही जाळी आहे. उरलेले निम्मे कारण म्हणजे ती गाडी तिला चालवायला आवडली, आणि अरुंद रस्त्यावर समोरून क्रुझर आली की तिला बाजूला घ्यायला जागा राहते.

आता माझी खरी काळजी लिहितो. आपण आयुष्यभर भांडलो ते कोणती गाडी कुठून वर चढते यावर. अनेरच्या पाण्यात तुझ्या जिप्सीचा डिस्ट्रिब्युटर भिजून ती मुकी झाली आणि माझ्या डिझेल जीपने तिला ओढून काढले, यावर आपण तीन दिवाळ्या बोललो नव्हतो. तू अजूनही म्हणतोस की ती आधीच निघत होती. पण मुक्ता पाड्याच्या चढावर मरणार नाही, वसंता. तिथे गाडीचा वेग दहाचा असतो. फार तर गाडी रुतेल, ती पायी जाईल, आणि दुसऱ्या दिवशी बैलजोडी लावून गाडी निघेल. भीती आहे ती शनिवारी संध्याकाळी थकून घरी परतताना. घाट उतरून म्हसावद मागे पडले की रस्ता सरळ आणि गुळगुळीत होतो, पाय आपोआप दाबला जातो, आणि ऊसतोडीच्या हंगामात अंधारात एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उभा असतो, ज्याच्या पाठीला दिवा नसतो आणि उसाची टोके मात्र काचेच्या उंचीवर बाहेर आलेली असतात. त्या वळणापलीकडे काय झाले होते ते तुला ठाऊक आहे. मी लिहीत नाही.

त्या क्षणी लॉक कामाला येत नाही. तिथे गाडीचा सांगाडा, पट्टे आणि फुगेच कामाला येतात. जिम्नीला सहा एअरबॅग आहेत आणि घसरण सावरणारी यंत्रणाही आहे, हे मान्य. पण तिच्या तीन दारांच्या भावंडाला 2018 साली युरो एनकॅपने तीनच तारे दिले, आणि त्या चाचणीत चालकाच्या फुग्यात पुरेसा दाब न राहिल्यामुळे डोके स्टिअरिंगपर्यंत पोहोचले होते. तू म्हणशील की ती गाडी वेगळी, बाजारपेठ वेगळी, आणि युरोपातल्या परीक्षेत आपोआप ब्रेक लावणाऱ्या उपकरणांचेही गुण धरतात. तेही मान्य. तरी ते डोके माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. याउलट पाच दारांच्या थार रॉक्सला 2024 च्या नोव्हेंबरमध्ये भारत एनकॅपने पाच तारे दिले, प्रौढांसाठी 32 पैकी 31.09 गुण आणि मुलांसाठी 49 पैकी 45. आणखी एक गोष्ट ताऱ्यांत दिसत नाही. समोरची धडक ताशी 64 किलोमीटरने दबणाऱ्या अडथळ्यावर घेतात, आणि ती साधारणपणे आपल्याच वजनाच्या गाडीशी झालेल्या टकरीसारखी असते. म्हणजे हलक्या गाडीचे तारे जड गाडीच्या ताऱ्यांशी थेट तोलता येत नाहीत. पांदणीत जे वजन शत्रू होते, तेच महामार्गावर पाठीशी उभे राहते.

रॉक्सचे दोष मी लपवत नाही. ती दोन टनांच्या आसपास आहे आणि 1,870 मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे जिम्नीपेक्षा जवळपास वीतभर जास्त. चांदसैलीच्या ढासळत्या कडेला ही वीत मला प्रत्येक वळणावर जाणवली. चारचाकी ओढ हवी तर डिझेलच घ्यावे लागते, म्हणजे जाळी आलीच. पण मुक्ता दर आठवड्याला घरी येणार, येताना अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गाचा तुकडा लागणार, तेव्हा काजळी जळायला वाव आहे. मागचे दार रुंद उघडते, सीटवर बाईला आडवे करता येते, आणि मागचा डिफरन्शियल बटणाने लॉक होतो. काही पाड्यांवर ती पोहोचणार नाही. तिथे झोळी पूर्वीइतकीच लांब चालावी लागेल, आणि मुक्ता मला नेमके हेच ऐकवते: "तुम्ही माझ्यापुरता विचार करता आहात, पेशंटचा नाही." यावर मी गप्प बसतो, कारण बाप म्हणून मी तेवढाच विचार करणार आहे, आणि तसे तोंडावर कबूल करणे बरे दिसत नाही.

ती तुला रविवारी फोन करणार आहे. वसंतकाका जिम्नीच म्हणतील, अशी तिची खात्री आहे, म्हणून मी आधीच लिहीत आहे. जिप्सीचा अभिमान बाजूला ठेव असे मी म्हणत नाही. तो तुझ्याने व्हायचा नाही. फक्त चिखलाबद्दल बोलून झाले की त्या ट्रॅक्टरबद्दलही तिला विचार, आणि ती काय उत्तर देते ते मला जसेच्या तसे कळव. तिचे उत्तर ऐकूनही तू जिम्नी म्हणालास तर मी जिम्नी घेईन. आणि कोणतीही गाडी आली तरी पहिला खर्च चांगल्या ऑल-टेरेन टायरांचा आणि दुसरा रात्री न चालवण्याच्या शपथेचा असेल. त्यातले टायर तेवढे विकत मिळतात.

तुझ्या नातवाच्या बारशाला येणे झाले नाही; सुमतीने झबले विणून ठेवले आहे. चिंचवडच्या नव्या जागेत पाण्याचा प्रश्न सुटला का? वहिनींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नीट झाली, हे सुमतीकडून कळले. सारंगखेड्याच्या यात्रेला या वर्षी दोघेही नक्की या. शेवभाजी तुला चालत नसेल तर वरणबट्टी आहेच.

येताना माझा नायलॉनचा ओढदोर घेऊन ये. अनेरनंतर तो तुझ्याच डिकीत राहिला आहे, आणि त्याची पावती माझ्याजवळ आहे.

तुझा,
भास्कर