बातमी मला लगेच कळू द्या

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुमच्या दुखण्याखुपण्याचं फोनवर बोलायला घेतलं की आईचे डोळे भरतात आणि बाबा ‘तिकडं थंडी किती?’ म्हणून विषय बदलतात. म्हणून लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा. आई, चष्मा सापडला नाही तर बाबांना मोठ्यानं वाचायला लाव.

माझी शाळा न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या वरच्या टोकाला, वॉशिंग्टन हाइट्समध्ये. वर्गातली बरीचशी मुलं डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेल्या घरांतली. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचा पूर्वेकडचा भाग म्हणजे त्यांचा देश. घरात स्पॅनिश, शाळेत इंग्रजी. आजी तिकडं, आईवडील इकडं, आणि महिन्याच्या पगारातले पैसे तिकडं जाणारच. बाबा, तुम्ही मुंबईत नोकरीला असताना गावाला मनिऑर्डर करायचात, त्यामुळं हे तुम्हाला वेगळं समजवायला नको.

याच मुलांच्या हातात मी एक पुस्तक बघत होते, ते वाचून काढलं. नाव ‘क्लॅप व्हेन यू लँड’. लेखिका एलिझाबेथ अ‍ॅसेवेडो न्यूयॉर्कमध्येच जन्मलेली, आईवडील डॉमिनिकन. 2020 साली आलेली ही किशोरांसाठीची कादंबरी सगळी पद्यात आहे. आई, तुला हे नवल वाटणार नाही. आजी जात्यावर बसून माहेरची सगळी कथा ओव्यांतच सांगायची. जे तिला बोलून दाखवता येत नव्हतं ते ओवीत यायचं. इथंही तसंच होतं. ओळ मध्येच तुटते, आणि पोरीला पुढं बोलवत नाहीये हे आपल्याला कळतं.

गोष्ट दोन मुलींची. कामिनो डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सोसुआ या समुद्रकाठच्या गावात राहते. आई लहानपणीच गेली, मावशीनं वाढवलं. मावशी झाडपाल्याची औषधं देते, बाळंतपणं करते, आणि तिच्या मागं फिरून फिरून कामिनोला डॉक्टर व्हायचंय. याहैरा न्यूयॉर्कमध्ये आईवडिलांजवळ. कामिनोचे वडील दर उन्हाळ्यात अमेरिकेहून तिच्याकडं येतात. याहैराचे वडील दर उन्हाळ्यात कामासाठी डॉमिनिकन रिपब्लिकला जातात. माणूस एकच. त्याचं विमान समुद्रात पडतं, तेव्हा या पोरींना वडील गेल्याचं आणि आपल्याला बहीण असल्याचं, दोन्ही कळतं.

यामागं खरा अपघात आहे. 12 नोव्हेंबर 2001 रोजी सकाळी न्यूयॉर्कहून डॉमिनिकन रिपब्लिकच्या राजधानीला, सांतो दोमिंगोला निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं 587 क्रमांकाचं विमान उडाल्यावर काही मिनिटांतच क्वीन्समधल्या बेल हार्बर वस्तीवर कोसळलं. विमानातले 260 आणि जमिनीवरचे 5 जण गेले. प्रवाशांत दहातले नऊ डॉमिनिकन वंशाचे. जुळे मनोरे पडून दोनच महिने झाले होते, त्यामुळं आधी सगळ्यांना घातपाताचीच भीती वाटली. आधी उडालेल्या विमानाच्या हवेच्या भोवऱ्यात सापडल्यावर वैमानिकानं रडर, म्हणजे शेपटावरचं सुकाणू, गरजेपेक्षा फार जोरात फिरवलं आणि शेपटाचा उभा पंखच तुटला, असं चौकशीत निघालं. घातपात नाही म्हटल्यावर देशाचं लक्ष दुसरीकडं वळलं. आमच्या वॉशिंग्टन हाइट्सचं वळलं नाही. विमान पडलं त्याच्या जवळच, रॉकवेच्या किनाऱ्यावर, गेलेल्यांची नावं कोरलेली भिंत आहे, तिथं दर नोव्हेंबरात नातेवाईक जमतात. तेव्हा माझे विद्यार्थी जन्मलेसुद्धा नव्हते, पण घरोघरी बोलणं ऐकत मोठे झालेत. सुट्टीला निघालेल्या माणसाला निरोप देताना इथल्या आज्या अजून देवाचं नाव घेतात.

पुस्तकातल्या एका जागेवरून मी पुढं जाऊच शकत नव्हते. कामिनो वडिलांना आणायला विमानतळावर जाते. आज ते येणार म्हणून खुशीत असते, आणि तिथं बघते तर माणसं रडतायत. घरच्या कुणी जवळ बसवून सांगावं, तसं तिला कुणी सांगत नाही, तिला ते गर्दीकडून कळतं. पुढं एकेक उलगडत जातं. शाळेची फी वडील भरत होते. गावातला एक वाईट माणूस तिच्यापासून लांब राहावा म्हणून त्याच्या हातावर पैसेही वडीलच ठेवत होते. पोरीला कशाचाच पत्ता नव्हता. त्या बापाचं दोघींवर जीवापाड प्रेम होतं, यात मला जराही शंका नाही. प्रेमापोटीच त्यानं सगळं झाकलं, आणि तो गेल्यावर ते सगळं निस्तरायची वेळ दोन लेकरांवर आली. मला त्याचा राग येतो. आणि त्याच्यासाठी रडूही येतं.

बाबा, तुमची अँजिओप्लास्टी झाली ते मला दिवाळीत कळलं, तेही काकूच्या बोलण्यातून. ‘तू एवढ्या लांब, उगाच घोर कशाला,’ असं आई म्हणाली. आई, तुझी माया मला कळते गं. पण मी इथं रोज हसत वर्गात जात होते आणि तिकडं माझे बाबा दवाखान्यात होते, हे आठवलं की आजही पोटात कालवतं. घोर हा माझा हक्क आहे. तो माझ्यापासून काढून घेऊ नका.

म्हणून काही गोष्टी मागते. दुखलंखुपलं, तपासणी निघाली, रिपोर्ट आला, की त्याच दिवशी सांगायचं. माझ्याकडं रात्र असली तरी फोन करायचा. कागद कुठं आहेत, कुणाचं देणंघेणं आहे, ते दादाला आणि मला दोघांनाही माहीत हवं.

आणि एक, जे लिहितानाही हात थरथरतो. त्या कादंबरीत वडिलांना आपल्या मातीत, तिकडं बेटावर पुरायचं असतं, आणि न्यूयॉर्कच्या आईला ते पचत नाही. पुरल्यावर नऊ रात्री शेजारीपाजारी जमून प्रार्थना करतात, जसं आपल्याकडं दहाव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. इथून मुंबई थेट विमानानं 15-16 तास, पुढं सांगलीपर्यंत रात्रभर. तिकीट मिळेपर्यंतचा वेळ वेगळाच. माझ्यासाठी थांबायचं की नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवा आणि मला सांगा. थांबू नका म्हणालात तरी मी ऐकेन, मनाला लावून घेणार नाही. फक्त त्या वेळी हा निर्णय दादानं एकट्यानं घ्यावा, असं नको. बाबा, तुम्हाला देहदान करायचंय असं एकदा जेवताना म्हणाला होतात. ते खरंच मनात असेल तर फॉर्म भरून टाका आणि आईला नीट समजावून सांगा. आई, तुझ्या मनात काय आहे ते तर आम्ही कधी विचारलंच नाही. तू सांग.

पुढच्या रविवारी सकाळी फोन करते. दादालाही बोलावून घ्या. आई, तेव्हा रडू आलं तर रड, मी थांबेन. बाबा, थंडी बेताची आहे, ते आताच सांगून टाकते.

तुमची,
लेक